गेला म्हणायचं नाही

आमच्या कॉरिडॉरमध्ये ‘गेला’ हा शब्द बंद आहे. चहा प्यायला, बाथरूमला, औषध आणायला, कुणी कुठेही जावो, गेला म्हणायचं नाही. हा नियम माझा. इमर्जन्सीच्या दारासमोर बाकांवर जे लोक बसलेले असतात त्यांना वाक्यातला तेवढाच शब्द ऐकू येतो, पुढचं मागचं काही नाही. त्यात ज्या शहाण्यानं ही इमारत बांधली त्यानं ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर ठेवलंय, म्हणजे आमचा प्रत्येक पेशंट आधी वर जाणार. एका नव्या वॉर्डबॉयनं एका बाईला सरळ सांगितलं, ‘तुमचे मिस्टर आत्ताच वर गेले.’ बाई जागच्या जागी आडव्या झाल्या आणि मिस्टर वरून टाके घालून आले तेव्हा बाईंना सलाईन चालू होतं. तेव्हापासून आम्ही ‘तिसऱ्या मजल्यावर आहे’ म्हणतो. नवीन माणसाला हे पाठ होईपर्यंत मी त्याच्या मागे हात धुऊन लागते.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. कागदावर माझं पद ‘समन्वयक’ असं आहे, त्याचा अर्थ मलाही नीट कळलेला नाही. काम मात्र सोपं सांगता येतं. गोळी लागलेला कुणी आत आला की त्याच्या मागोमाग त्याचे भाऊ येतात, मित्र येतात, डोळे लाल, हात खिशात. त्यांना बाकावर बसवायचं आणि बसलेलं ठेवायचं. बसलेला माणूस कुणाला मारायला जात नाही. पहिली गोळी ही पोलिसांची डोकेदुखी, दुसरी माझी. आमचे साहेब महिन्याला एकदा येऊन भिंतीवर गोळीबारांचा आलेख दाखवतात, रेघ खाली आली की खूश होतात, वर चढली की माझ्याकडे बघतात, जणू मीच ती ढकलली.

सगळे मला आत्या म्हणतात. मावशी म्हणण्याइतकी मी प्रेमळ नाही, असं वकीलचं मत आहे. वकील माझा जोडीदार. कायद्याचं एक पुस्तक त्यानं उघडलेलं नाही. तरुणपणी तो टोळीची गाडी चालवायचा आणि पकडला गेला की इतका वाद घालायचा की पोलिसच कंटाळायचे, म्हणून हे नाव पडलं. आता तो आमच्या खात्याची खटारा गाडी चालवतो आणि वाद माझ्याशी घालतो.

माणसं बसवून ठेवायच्या माझ्या युक्त्या साध्या आहेत. पिशवीत सगळ्या प्रकारचे चार्जर असतात, कारण ज्याचा फोन माझ्या भिंतीला लागलाय तो उठून लांब जात नाही. चहा मी मुद्दाम फार गरम आणते. आणि आणखी एक गोष्ट आम्ही करतो, जी साहेबांच्या आलेखात नाही. पेशंट दगावला तरी ती बातमी लगेच बाहेर येऊ देत नाही. सर्जनशी तशी बोली आहे. आधी घरचं वडीलधारं माणूस यायचं, पोरांच्या गाड्यांच्या चाव्या वकीलच्या खिशात यायच्या, गेटवर पोलिस उभे राहायचे, मग सांगायचं. तोवर ‘ऑपरेशन चालू आहे’ म्हणायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा. मला याची लाज वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी एकदा येऊन त्या बाकांसमोर उभं राहावं.

थोरल्याची आणि माझी ओळख अशाच एका खोट्यातून झाली. त्याचं हे नाव घरातलंच, त्याला एक धाकटा भाऊ आहे म्हणून. तेव्हा तो पुलाखालच्या टोळीत होता. त्याच्या जिवलग मित्राला गोळी लागली आणि आमच्याकडे आणेपर्यंत तो संपला होता. मी थोरल्याला सांगितलं, ऑपरेशन चालू आहे. तो बसून राहिला. मित्र बरा झाला की त्याला कुठे फिरायला न्यायचं, टोळीतून दोघांनी कसं बाहेर पडायचं, हे सगळं तो मला सांगत बसला आणि मी मान हलवत ऐकत राहिले. खरं कळलं तेव्हा त्याच्यात कुणाला मारायचं त्राण उरलं नव्हतं. माझ्या मांडीत डोकं घालून तो लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर त्यानं टोळी सोडली. अग्निशमन केंद्राच्या भिंतीत एक लोखंडी पेटी बसवलेली आहे, तिच्यात हत्यार टाकलं तर कुणी काही विचारत नाही. तिथे तो माझ्याबरोबर येऊन टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल टाकून आला. वकीलनं त्याला एका टायरवाल्याकडे कामाला लावलं. दुपारच्या सुट्टीत कधीकधी तो काळे हात घेऊन मला भेटायला यायचा, पाच मिनिटं बसायचा आणि ‘येतो आत्या’ म्हणून निघायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत छाती फुगवून दाखवावं असं माझ्याकडे जर काही असेल, तर ते म्हणजे थोरला. साहेबांना रेघ दिसते, मला तो दिसतो.

त्या दिवशी जेवणं होऊन थोडा वेळ झाला होता. वकील डुलक्या काढत होता. रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर खाली उतरलं आणि मी चेहरा बघितला तर धाकटा. वायरिंगचं काम शिकणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला पोरगा. उजव्या मांडीतून रक्त वाहत होतं. त्याच्याबरोबर आलेल्या शेजाऱ्यानं सांगितलं की गोळी चष्म्यानं मारली. चष्मा म्हणजे पुलाखालच्या टोळीतलाच, जाड भिंगांचा, थोरल्याचा जुना सोबती. थोरल्यानं टोळी सोडली याचा राग त्याच्या पोटात कधीपासून होता. थोरला हाती लागला नाही, धाकटा लागला.

सर्जन लिफ्टपाशी घाईघाईत मला म्हणाले की रक्त बरंच वाहिलंय, पण जीवाला धोका नाही. मी पायाचं विचारलं. पायही वाचेल, असं ते म्हणाले, आणि दार बंद झालं. हे मी नीट सांगून ठेवते, कारण पुढे त्यालाच महत्त्व आहे. पाय वाचेल, असंच ते म्हणाले होते.

मग पोरांची आई आली. एका कार्यालयाच्या कँटीनमध्ये ती भांडी घासते, ओला एप्रन तसाच अंगावर होता. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि फोन मागितला चार्जिंगला लावायला. ती देईना. थोरल्याचा फोन येईल, तो उचलत नाहीये, माझ्या हातातच राहू दे म्हणाली. फोनची बॅटरी अगदी काठावर आली होती. एरवी मी फोन हिसकावून घेते, आईचा हिसकावला नाही. तिला मी समजावत होते की मुलगा तिसऱ्या मजल्यावर आहे, शुद्धीवर होता, बोललासुद्धा. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

तेवढ्यात एका नर्सनं मला सही करायला बोलावलं. मी पाठ वळवली आणि मागे फोन वाजला. आईचा आवाज ऐकू आला, रडवेला, तुटका.

“आत्ताच गेला रे. आत्ताच गेला तो.”

मी सही अर्धी टाकून वळले. आई फोन कानाला लावून हॅलो हॅलो करत होती. फोन बंद पडला होता.

मी तिला विचारलं की नक्की काय म्हणालात. ती म्हणाली, म्हटलं आत्ताच गेला. ऑपरेशनला. मी विचारलं, ऑपरेशनला हा शब्द तुम्ही तोंडातून काढलात का? मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं एप्रनचं टोक तोंडात कोंबलं.

मी माझ्या फोनवरून थोरल्याला लावला. बंद. टायरवाल्याला लावला. टायरवाला म्हणाला, हो, गोळी चष्म्यानं मारल्याचं शेजाऱ्यानं कळवलं, मग आत्ताच आईशी बोलला, पाना खाली ठेवला, नळाखाली हात धुतले, साबण लावून, अगदी कोपरापर्यंत, आणि निघाला. मग टायरवाला म्हणाला, “तो जातो म्हणाला, आत्या. मी म्हटलं, अरे येतो म्हण. तर परत जातोच म्हणाला.”

मी वकीलला हलवून उठवलं. आईजवळ नर्सला बसवलं आणि आम्ही निघालो.

गाडीत वकीलचा वाद सुरू झाला. त्याचं म्हणणं होतं की पोलिसांना कळवावं. माझं म्हणणं होतं की थोरल्याच्या हातात हत्यार असेल आणि समोर पोलिस दिसले, तर तो मरेल किंवा आत जाईल, आणि तो कुठे आहे हे आत्यानं सांगितलं असं एकदा पसरलं की उद्यापासून आमच्या बाकावर कुणी बसणार नाही. वकील म्हणाला, आणि त्यानं कुणाला मारलं तर? मी त्याच्यावरच खेकसले की गाडी चालव, तोंड नको. हत्यार त्यानं आधीच टाकलंय, असंही मी म्हणाले. वकीलनं माझ्याकडे नुसतं बघितलं. या धंद्यात एकच बाळगणारा आजवर भेटलाय का, असं ते बघणं होतं.

कुठे जायचं याचा प्रश्न नव्हता. गोळी मारणारा कधी घरी सापडत नाही, हे थोरल्यालाही माहीत होतं. पण घर असतं, आणि घरात कुणीतरी असतंच. चष्म्याच्या घरी त्याचे दम्याचे वडील असतात आणि बहीण, जी कपड्यांच्या दुकानात काम करते. भावाच्या बदल्यात मारणारा नाही मिळाला तर घरात असेल तो. ते गणित मी इतक्यांदा बघितलंय की मला त्याची किळस येते.

इमारत चार मजली होती, खाली लाँड्री. गरम इस्त्रीचा वास जिन्यापर्यंत येत होता. वकीलला मी खाली थांबवलं, बहीण कामावरून आली तर तिला कसंही करून अडवायला. आवाज आला तर पोलिसांना फोन कर, असं सांगितलं. तो म्हणाला, “आवाज आल्यावर फोन करून काय उपयोग, आत्या?” त्याचं बरोबर होतं. तरी मी एकटी वर गेले. गुडघे दुखत होते आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते, चष्म्याला, त्या फोनच्या बॅटरीला, तिसऱ्या मजल्यावर थिएटर ठेवणाऱ्याला.

चष्म्याचं घर वरच्या मजल्यावर. त्याच्या दारासमोरून गच्चीकडे जाणारा जिना होता आणि त्या जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थोरला बसला होता. अंगात कामाचं जाकीट, उजवा हात जाकिटाच्या आत. दार बंद होतं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, कुठलीतरी मॅच चालली होती. दाराशी चपला नीट लावून ठेवलेल्या होत्या.

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. दम लागला होता, म्हणून लगेच बोलता आलं नाही. तेही बरंच झालं.

“आत्या, तुम्ही घरी जा,” तो म्हणाला. आवाज शांत होता. ओरडणाऱ्या माणसाला मी भीत नाही, या आवाजाला भिते.

मी म्हटलं, धाकटा जिवंत आहे. ऑपरेशन चालू आहे.

तो हसला. “तेव्हाही हेच म्हणाला होतात. अगदी याच शब्दांत. मी तुम्हाला त्याला कुठे कुठे न्यायचं ते सांगत होतो, आणि तुम्ही ऐकून घेत होतात.”

मी त्याला सगळं सांगितलं. आई काय म्हणाली, फोन कसा बंद पडला, आई बोलली ते ऑपरेशनबद्दल. हे मी बोलत असताना मला स्वतःलाच ऐकू येत होतं की ते किती बनावट वाटतंय. फोन नेमका तेव्हाच बंद पडला म्हणे. तो मान हलवत ऐकत होता, जशी मी तेव्हा हलवत होते. मी म्हटलं, चल, डोळ्यांनी बघ. तो म्हणाला की तिथे गेल्यावर तुमचा वकील माझी चावी घेणार, गेटवर पोलिस असणार, मग तुम्ही मला पाणी देणार आणि सांगणार. मला सगळं पाठ आहे. म्हटलं, मी आत्ता सर्जनला फोन लावते. तर म्हणाला, सर्जन तुमच्यातलेच.

खरंच होतं ते. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. धाकटा भुलीखाली होता, आईचा फोन मेला होता आणि माझं तोंड वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं. आत मॅचमध्ये कुणीतरी काहीतरी केलं असावं, म्हाताऱ्याच्या खोकल्याबरोबर हसण्याचा आवाज आला. थोरल्याचा जाकिटातला हात हलला.

तेव्हा मला सुचलं की या पोराला मी आजवर फक्त बरं बरंच सांगत आलेय. गोड बोललेलं त्याला खोटं वाटणार. कडू बोलायला हवं.

“थोरल्या, तो गेला नाही रे,” मी म्हटलं. “त्याचा पाय जाणार आहे.”

माझ्या तोंडून तो शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता, माझा नियम त्याला ठाऊक होता.

“कुठला?”

“उजवा. गुडघ्याच्या वरून कापावा लागेल म्हणाले. तुला आत्ता सांगणार नव्हते.”

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी चेहरा सरळ ठेवला नाही. ठेवता आलाच नाही, कारण मला तिथे बसल्या बसल्या त्या पोराचा पाय डोळ्यांपुढे दिसायला लागला आणि आपण काय बोलून बसलोय याची शिसारी आली. ते बघूनच बहुधा त्याचा विश्वास बसला. मेलेल्या माणसाचा पाय कोण कापतं? त्याचा हात जाकिटातून बाहेर आला, रिकामा, आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तळहात स्वच्छ धुतलेले होते, नखांत मात्र काळं तसंच होतं. तो हुंदके देत रडायला लागला.

तेव्हाच दार उघडलं. चष्म्याचे वडील कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले, पायजमा, गळ्यात मफलर, छातीचा भाता चाललेला. आपल्या मुलानं दुपारी काय केलं याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी आम्हाला बघितलं आणि विचारलं, कोण पाहिजे. मी म्हटलं, कुणी नाही, मजला चुकलो. थोरल्यानं मान वर केली. मी त्याच्या जाकिटाकडे बघितलं. म्हातारे त्याच्या ओल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “काय झालं बाळा? पाणी देऊ का?”

थोरल्यानं बाहीनं चेहरा पुसला. मग नको म्हणाला. म्हाताऱ्यांनी पिशवी दाराशी ठेवली, परत आत वळले आणि दार लोटलं. मी थोरल्याचा दंड धरला आणि आम्ही खाली उतरलो.

वकीलनं एक शब्द विचारला नाही, जन्मात पहिल्यांदाच. मी त्याला अग्निशमन केंद्राकडे घ्यायला सांगितलं. थोरला म्हणाला, आधी हॉस्पिटल. मी म्हटलं, ते घेऊन तू माझ्या कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकायचं नाहीस. पेटीपाशी त्यानं जाकिटातून पिस्तूल काढून आत सोडलं, तळाशी आपटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, तेव्हा तू एकच टाकलं होतंस. तो म्हणाला, “तुम्ही एकच मागितलं होतं.” मग मी विचारलं, आता घरी आणखी काही? त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, नाही, आता काही नाही. मी त्यावर समाधान मानलं. त्या वेळी मला एवढंच पुरे होतं.

गाडीत मात्र मला पुढचं दिसायला लागलं. थोड्याच वेळात सर्जन बाहेर येऊन सांगणार, पाय वाचला. आनंदाची बातमी. आणि थोरला माझ्याकडे वळून बघणार, त्या जिन्यावर आत्या परत एकदा खोटं बोलली हे त्याला कळणार. आज त्याचा राग उतरलेला असेल, तो मला कदाचित मिठीही मारेल. पण पुढच्या वेळी? पुढच्या वेळी मी त्याच्या पायरीवर जाऊन बसले तर मी गोड बोलू की कडू, त्याला दोन्ही सारखंच. मी आज एक माणूस वाचवला आणि उद्याचा माझा शब्द खर्चून टाकला. बातमी चांगली यावी अशी प्रार्थना करायची सोडून मी हा हिशेब करत होते.

आईनं थोरल्याला बघितलं आणि दोघं एकमेकांना धरून बाकावर बसले. पायाचं तो तिला काही बोलला नाही. मी चहा आणला, कुणी प्यायला नाही. आईचा फोन माझ्या भिंतीला लावून ठेवला, आता त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. उन्हं खिडकीतून सरकत समोरच्या भिंतीवर आली आणि लिफ्टचं दार उघडलं.

सर्जन आईसमोर येऊन उभे राहिले. आमच्याच पठडीतले ते, चेहरा सरळ ठेवणारे, पण आज त्यांना ते जमत नव्हतं. म्हणाले, मुलगा वाचला. पण मांडीतली मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती, आधी वाटलं त्याहून खूप जास्त. जोडायचा पुष्कळ प्रयत्न केला. खाली रक्त पोचेना. पाय काढावा लागला, गुडघ्याच्या वरून.

आई नुसती वाकत गेली. थोरल्यानं तिला सावरलं. त्यानं मान हलवली आणि सर्जनना म्हणाला, “हो. आत्यानं सांगितलं होतं.”

सर्जननी चमकून माझ्याकडे बघितलं. “पण मी तर...” एवढं ते बोलले. मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संगतीनं त्यांना तेवढं पुरलं आणि त्यांनी वाक्य गिळलं.

आता माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मी सुटले. त्या पोराचा पाय गेला हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा हे आलं, की सुटले, आता मला कुणी खोटी म्हणणार नाही. मग मागाहून लाज आली, अशी की मला तिथे उभं राहवेना. माझा अशुभ बोलण्यावर, दृष्ट लागण्यावर, कशावर म्हणून विश्वास नाही. वाहिनी फाटली ती गोळीनं फाटली, माझ्या जिभेनं नाही, मी जिना चढायच्या आधीच ती फाटलेली होती. हे सगळं मला कळतं. तरी मी भिंतीकडे तोंड करून उगाच चार्जरच्या वायरी गुंडाळत बसले.

थोरला माझ्यामागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, ओळखलं यानं. मी वायरी गुंडाळतच राहिले.

“आत्या,” तो हळूच म्हणाला, “घरच्या पाण्याच्या टाकीमागे अजून एक आहे.”

मी वळले.

“मगाशी नाही म्हणालो. आज ना उद्या लागेल असं वाटलं होतं.” तो खाली बघत होता. “पण तू मला खरं सांगितलंस. एवढं वाईट असूनही सांगितलंस. बाकी सगळे नुसते बरा होईल, बरा होईल करतात. तू एकटीच खरं बोललीस.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं मला तू म्हटलं, सख्ख्या आत्याला म्हणतात तसं. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. सर्जन अजून तिथेच उभे होते, त्यांना विचारलं असतं तर एका वाक्यात सगळं उघडं झालं असतं. थोरला वाट बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून.

“चल,” मी म्हटलं, “घेऊन येऊ ते.”

तो आईपाशी गेला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, येतो. आईनं मान हलवली. मी पिशवी खांद्याला लावली आणि वकीलला गाडी काढायला सांगितली. खरं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर ते पिस्तूल टाकीमागेच राहिलं असतं.